छोट्या उंदराच्या गच्चीवरील भोजन

इटालियन भाषेत ‘टोपोलिनो’ म्हणजे छोटा उंदीर. जगभरची मुले ज्यास मिकी माऊस म्हणून ओळखतात, त्याच्या नावाचे नियतकालिक इटलीत १९३२ सालच्या अखेरीस निघाले, आणि तेव्हापासून तेथील मुलांच्या तोंडी त्याचे हेच नाव बसले. ह्या छोट्या उंदराची एक गच्ची आहे. ती मात्र इटलीत नसून अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, ओरलँडो शहराच्या शेजारी, वॉल्ट डिस्नी वर्ल्ड नामक करमणुकीच्या नगरीत आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलेली ही नगरी सुमारे ४० चौरस मैलांवर पसरली आहे. तीत चार मोठी उद्याने आहेत आणि पाहुण्यांना उतरण्यासाठी वीसहून अधिक विश्रामगृहे. त्यांपैकी ‘रिव्हिएरा रिसॉर्ट’ हे ३०० खोल्यांचे विश्रामगृह १६ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झाले, आणि त्याच्या दहाव्या मजल्यावर जे भोजनगृह आहे, त्याचे नाव ‘टोपोलिनोज टेरेस’. फ्रान्स व इटली ह्या देशांचा भूमध्य समुद्रास लागून असलेला जो चिंचोळा किनारा रिव्हिएरा म्हणून प्रसिद्ध आहे, त्या किनाऱ्याची चव येथे चाखावयास मिळते, अशी त्याची ख्याती आहे.

वाचकहो, श्रीमंतांच्या मेजवान्या जगात रोज होतात आणि त्यांची वर्णने ऐकून कोणाचे पोट भरत नाही. तरीही ह्या एका भोजनाकडे थोडे निरखून पाहावे असे वाटते, ते अशासाठी की, त्या ताटात जे वाढले जाते ते मूळचे कोळ्यांच्या, शेतकऱ्यांच्या आणि डोंगरउतारावर द्राक्षवेली जोपासणाऱ्या कष्टकऱ्यांच्या घरचे अन्न होय. ते दहाव्या मजल्यावर कसे चढले, आणि चढताना वाटेत काय सांडले, ही गोष्ट त्या भोजनाहून अधिक रुचकर आहे.

प्रथम त्या गच्चीवर जाऊ या. सायंकाळी उद्यानातून निघालेली कुटुंबे तारेवरून सरकणाऱ्या रंगीबेरंगी पाळण्यांत बसून विश्रामगृहाशी उतरतात. हे पाळणे सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाले, आणि पाय दुखून आलेल्या मुलांस ते उद्यानातील झोक्यांइतकेच आवडतात. उतरल्यावर एका कमानीखालून जावे लागते. तिच्या दोन्ही भिंतींवर पीटर पॅन आणि रॅपुन्झेल ह्यांच्या गोष्टींतील प्रसंग लहानलहान रंगीत तुकडे जडवून चितारले आहेत. आपल्याकडील जुन्या चर्चच्या अल्तारासमोर ज्या धीराने कारागिरांनी फरशी बसविलेली असते, तोच धीर ह्या चित्रांत दिसतो. विषय तेवढा निराळा. वॉल्ट डिस्नी ह्यांनी १९३५ साली बंधू रॉय व दोघांच्या पत्नी ह्यांच्यासह युरोपचा दौरा केला होता. त्यांच्या युरोपातील प्रवासांची आठवण म्हणून हे विश्रामगृह रचले आहे, असे मालक सांगतात.

सकाळी ह्याच गच्चीवर मिकी चित्रकाराचा पोशाख करून, मिनी कवयित्री होऊन, डोनाल्ड शिल्पकार बनून आणि डेझी नर्तकीच्या वेषात न्याहारीच्या मेजांमधून फिरत असतात. संध्याकाळी हे सोंग नसते. दिवे मंद होतात, मेजांवर पेले येतात, आणि पाहुण्यांनी नीटनेटका पोशाख करून यावे अशी अपेक्षा असते. जागा साठ दिवस आधीपासून राखून ठेवता येते, आणि पुष्कळजण ती तशी राखतात. स्वयंपाकघर उघडे आहे. लाकडाच्या निखाऱ्यांची शेगडी, तिच्यापुढे घामाघूम झालेले आचारी, भांड्यांचा खणखणाट हे सारे जेवणाऱ्यांस दिसते. आपल्या खेड्यांत लग्नाच्या मांडवामागे चूल पेटते आणि तिचा धूर लपविण्याची खटपट करावी लागते. येथे तो धूर मुद्दाम दाखविला जातो, कारण आता ज्यांच्या घरी चूल उरलेली नाही त्यांना ती पाहण्याचेही अप्रूप वाटते.

आधी पाव येतो. आंबविलेल्या पिठाचा, जाड कडक सालीचा, आतून ओलसर असा हा पाव, सोबत लोणी. गोव्याच्या वाचकांस ह्यात नवल वाटावयाचे नाही. माडाच्या सुरेने पीठ फुगवून भट्टीत भाजलेला पाव पहाटे सायकलवरून दारोदार पोचविणारा पदेर त्यांनी पाहिलेला आहे. पीठ आंबविण्याची विद्या सर्वत्र एकच. प्रत्येक भूमीने आपापले आंबवण शोधले, एवढाच काय तो फरक. त्यानंतर पास्त्याचे प्रकार येतात. हा पास्ता तेथेच मळून लाटलेला असतो. मग मासळी वा निखाऱ्यावर भाजलेले मांस.

मासळीतील गाजलेला पदार्थ म्हणजे ‘सोल म्युनिएर’. सोल ही आपल्या लेपीची बहीण, चपटी व मऊ. ‘म्युनिएर’ ह्या फ्रेंच शब्दाचा अर्थ गिरणीवाल्याची बायको. नाव किती बोलके आहे पाहा! जिच्या घरात पीठ कधी सरत नाही, ती गृहिणी मासळी पिठात घोळवून तव्यावर टाकणार, हे ओघानेच आले. कोकणात आपण तांदळाच्या पिठात वा रव्यात घोळवितो, ती गव्हाच्या पिठात घोळविते. वर लिंबाचा रस आणि कोथिंबिरीच्या कुळातील पार्सलीचा पाला. खरे बोलावयाचे तर लोण्यात तळलेली ही मासळी फ्रान्सच्या गायीगुरांच्या मुलुखातली, रिव्हिएराची नव्हे. रिव्हिएरावरील आजीबाई तव्यात जैतुनाचे तेलच ओतील. परंतु करमणुकीच्या नगरीत नकाशाच्या रेषा थोड्या इकडेतिकडे सरकल्या तर कोणी हरकत घेत नाही, आणि मासळी चांगली असेल तर आपणही घेऊ नये.

रात्र झाली की शेजारच्या एपकॉट उद्यानात आतषबाजी सुरू होते. मग पाहुणे काटेचमचे खाली ठेवून बाहेरच्या गच्चीच्या कठड्याशी गर्दी करतात. आकाशात फुले उमलतात, मुले टाळ्या पिटतात, ताटातील मासळी निवते. भोजनगृहाने विकावयास ठेवलेल्या वस्तूंमध्ये हे दृश्य पहिल्या क्रमांकाचे आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता ज्या किनाऱ्याचे नाव ह्या गच्चीस दिले आहे, त्या किनाऱ्याकडे वळू. भूमध्य समुद्र आपणांस परका नाही. संत पौलाचे गलबत ह्याच समुद्रावर चौदा रात्री वादळात हेलकावे खात होते आणि माल्टा बेटाशी फुटले. त्या समुद्राच्या उत्तर काठावर, नीस शहरापासून जिनोआच्या पलीकडेपर्यंत, डोंगर थेट पाण्यात उतरलेले आहेत. सपाट जमीन जवळजवळ नाहीच. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दगड रचून उतारावर पायऱ्या बांधल्या आणि त्या वीतभर मातीत जैतून, द्राक्षे, अंजीर व भाजी पिकविली. गुरांस चारा नाही, म्हणून दूधलोणी थोडे. मांस तर सणापुरते. गव्हाचा तुटवडा पडे तेव्हा हरभऱ्याचे पीठ पाण्यात कालवून, त्यात जैतुनाचे तेल व मीठ घालून, मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून, लाकडाच्या भट्टीत भाजीत. नीसमध्ये ह्या पोळ्याला ‘सोक्का’ म्हणतात, जिनोआच्या बाजूस ‘फारिनाता’. आपल्या बेसनाच्या धिरड्याचा हा सख्खा भाऊ. आजही नीसच्या जुन्या गल्लीत तो कागदावर तुकडे करून विकला जातो, आणि लोक उभ्याउभ्या हाताने खातात.

मार्सेय बंदरातील ‘बुईयाबेस’ ह्या प्रसिद्ध कालवणाचीही हीच कुळकथा. जाळ्यात आलेली चांगली मासळी बाजारात जावयाची. काटेरी, कुरूप, खडकांत राहणारी जी मासळी कोणी घेत नसे, ती कोळी कढईत टाकून शिजवीत आणि शिळ्या पावाबरोबर खात. पुढे हे कालवण इतके प्रतिष्ठित झाले की, १९८० साली मार्सेयच्या काही भोजनगृहवाल्यांनी एकत्र येऊन त्यात कोणती मासळी असावी आणि ते कसे वाढावे ह्याची सनदच तयार केली. जे कोणी घेत नाही म्हणून घरी आणले जाई, त्याचा दर आता सामान्य कोळ्याच्या खिशास सोसत नाही. शुक्रवारी व उपवासकाळात मांस वर्ज्य असल्याने ताजी मासळी न मिळणाऱ्या घरांत उत्तरेकडून आलेली सुकी वा खारवलेली मासळी भिजवून शिजवीत. नीसची ‘एस्तोकाफिकादा’ ही त्यांपैकीच एक. पावसाळ्यात समुद्र बंद झाल्यावर मडक्यातून सुके बांगडे काढणाऱ्या आपल्या घरांस ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

दृश्य विकण्याचा व्यापार काही डिस्नीने प्रथम केला असे नाही. खुद्द रिव्हिएरानेच तो शंभर वर्षे आधी शिकला होता. इंग्लंडातील धनिक हिवाळा टाळण्यासाठी नीसला येऊन राहत. १८२० नंतरच्या दशकात तेथील गोरगरिबांच्या हातांस काम मिळावे म्हणून लुईस वे नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने पुढाकार घेऊन वर्गणीतून समुद्रकाठी एक वाट बांधविली. तीच पुढे रुंद होत होत ‘इंग्रजांची सैरवाट’ म्हणून जगप्रसिद्ध झाली. १८६० मध्ये नीस फ्रान्सकडे आले, १८६४ मध्ये आगगाडी पोचली, आणि पाठोपाठ मोठमोठी हॉटेले उभी राहिली. उतारावर दगड रचणाऱ्यांच्या मुली त्या हॉटेलांत चादरी धुऊ लागल्या. फ्लोरिडातील रिव्हिएरा ही ह्या नकलेचीच नक्कल होय. तेव्हा खऱ्या नि खोट्याचा वाद येथे फार ताणण्यात अर्थ नाही.

परंतु ह्या गरिबांच्या अन्नास ‘भूमध्य आहार’ हे भारदस्त नाव कसे लाभले? त्याचे श्रेय बव्हंशी एका अमेरिकन शरीरशास्त्रज्ञास जाते. मिनेसोटा विद्यापीठातील अँसेल कीज हे १९५२ साली पत्नी मार्गारेट ह्यांच्यासह नेपल्स शहरी गेले होते. तेथील सामान्य कामकऱ्यांत हृदयविकार विरळा आढळतो असे त्यांच्या कानी आले होते, आणि तपासण्यांत तसे दिसूनही आले. १९५८ पासून त्यांनी सात देशांत दीर्घकाळ चालणारी पाहणी सुरू केली. तीत क्रीट बेटावरील शेतकरी सर्वांत निरोगी ठरले. हे शेतकरी पाव, कडधान्ये, रानभाज्या, फळे खात, तेल सढळ हाताने घालीत आणि मांस क्वचितच शिजवीत. कीज ह्यांनी स्वतः दक्षिण इटलीतील पिओप्पी ह्या कोळ्यांच्या खेड्यात घर बांधले, तेथे ते कित्येक वर्षे राहिले, आणि २००४ साली वयाची शंभर वर्षे पूर्ण करून निवर्तले. त्यांच्या संशोधनावर आक्षेपही घेतले गेले. क्रीटमधील नोंदींचा काही भाग महाउपवासाच्या दिवसांतला होता, हा त्यांतील एक. ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपवासाचे दिवस वर्षाकाठी १८० ते २०० भरतात, तेव्हा आहाराचा हिशेब करताना पंचांग विसरून चालत नाही.

ह्याच क्रीट बेटाची दुसरी एक पाहणी आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, रॉकफेलर प्रतिष्ठानाने तेथील लोकांचे राहणीमान तपासले. त्यात कुटुंबांना विचारण्यात आले की, तुमच्या जेवणाविषयी तुम्ही समाधानी आहात काय? सहांपैकी एकाच कुटुंबाने होय म्हटले. आणखी काय हवे, असे विचारता बहुतेकांच्या तोंडी एकच शब्द आला : मांस. ज्या जेवणास पुढे डॉक्टरांनी आदर्श ठरविले आणि धनिकांनी दाम मोजून मागविले, ते जेवणारे स्वतः त्यास कंटाळले होते! नाचणीच्या भाकरीचे गोडवे गाणारे शहरी पाहुणे आपल्याकडेही येतात. ज्या घरात भाताचा दाणा नसल्यामुळे नाचणी शिजत होती, त्या घरातील म्हातारीस ते गोडवे ऐकून काय वाटत असेल, हे तिलाच ठाऊक. गरिबीने शिकविलेले पथ्य शरीरास हितकर असू शकते. त्यामुळे गरिबी हितकर ठरत नाही.

२०१० साली युनेस्कोने भूमध्य आहारास मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तेव्हा स्पेन, ग्रीस, इटली व मोरोक्को हे चार देश पुढे आले होते, आणि २०१३ मध्ये पोर्तुगाल, सायप्रस व क्रोएशिया त्यांत मिळाले. त्या नोंदीत तेल, धान्य, मासळी ह्यांच्याइतकाच भर पेरणी, कापणी, मासेमारी, रांधणे, आणि विशेषतः एकत्र बसून जेवणे ह्यांवर आहे. शेजारधर्म, पाहुणचार, बोलणेचालणे ह्यांविना तो आहार पुरा होत नाही, असे तेथे मानले आहे. ह्या कसोटीस उंदराच्या गच्चीवरील भोजन कितपत उतरते? न्यायाने बोलावयाचे तर अगदीच वाया जात नाही. दिवसभर रांगांत उभे राहून, उन्हात चालून, पाळण्यांत घिरट्या घेऊन आलेले कुटुंब कदाचित त्या सुटीत प्रथमच दीड-दोन तास एका मेजाभोवती स्वस्थ बसते. आजी नातवास पाव तोडून देते, बाप घड्याळाकडे पाहावयाचे विसरतो. एवढ्यासाठीच काही कुटुंबे वर्षानुवर्षे पैसा साठवून तेथे जातात, आणि त्यांच्या हौसेस हसण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणासही नाही. गावजत्रेस आपणही कर्ज काढून पाहुण्यांस जेवू घातले आहे.

तरी हिशेब हा हिशेबच. अलीकडच्या वर्षांत तेथे एकट्या मुख्य पदार्थाचे मोल सामान्यतः चाळीस डॉलर आणि त्याहून पुढे असते. आधीचा पदार्थ, नंतरचे गोड, कर आणि वाढप्याची बक्षिसी धरता एका माणसाचे जेवण शंभर डॉलरच्या आसपास जाते. ह्याच नगरीत राबणाऱ्या सुमारे ४५,००० कामगारांच्या संघटनांनी २०२३ साली मालकांशी करार केला, तेव्हा कमीत कमी वेतन ताशी १५ डॉलरवरून त्या वर्षअखेर १८ डॉलरवर आले. म्हणजे त्या वेतनावरील कामगारास गच्चीवरील एका जेवणासाठी साडेपाच तास राबावे लागे, आणि मुलाबाळांसह चौघांनी जावयाचे म्हटले तर तीन दिवसांची मजुरी लागे. गोव्यातील बहुतेक प्रत्येक गावातून कोणी ना कोणी ‘बोटीवर’ गेलेला आहे. जहाजांच्या स्वयंपाकघरांत भांडी घासण्यापासून मुख्य आचाऱ्याच्या टोपीपर्यंत तो चढला, आणि बोट मिळेपर्यंत मुंबईत आपल्या गावच्या कुडात पथारी टाकून राहिला. जे शिजवितो त्याची किंमत आपल्या पगारात बसत नाही, ही गोष्ट त्याच्या घरच्यांस नवी नाही. त्याने पाठविलेल्या पैशांवर गावात घर उभे राहिले, हेही तितकेच खरे.

परंतु फ्लोरिडा आणि भूमध्य समुद्र ह्यांची गाठ डिस्नीने घातली असे कोणी समजू नये. ती अडीचशे वर्षांपूर्वी पडली, आणि फार दुःखात पडली. उंदराच्या गच्चीपासून मोटारीने सुमारे दीड तासावर अटलांटिक महासागराच्या काठी न्यू स्मर्ना नावाचे गाव आहे. १७६८ साली, फ्लोरिडावर इंग्रजांचा अंमल असताना, अँड्रयू टर्नबुल ह्या स्कॉटिश डॉक्टराने तेथे निळीचा मळा घालण्याचे ठरविले. त्याची पत्नी आशिया मायनरमधील स्मर्ना शहराची, म्हणून गावास ते नाव. उष्ण हवेत काम करू शकतील असे मजूर हवे होते. त्यासाठी त्याने इटली, ग्रीस, कॉर्सिका आणि मुख्यतः स्पेनजवळील मिनोर्का बेटावरून माणसे जमविली. मिनोर्कात पिके बुडाली होती. काही वर्षे मळ्यावर राबावयाचे आणि मग स्वतःची जमीन मिळावयाची, ह्या आशेने घरेच्या घरे जहाजांवर चढली. पाचशेजणांची तयारी केलेली असता १,४०३ जण निघाले. त्यांतील १४८ वाटेतच वारले.

उरलेले उतरले तेव्हा तेथे डासांनी भरलेली दलदल होती, निवारा पुरेसा नव्हता आणि धान्य तर नव्हतेच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काहींनी बंड केले. ते मोडले गेले आणि दोघांस फाशी झाली. वर्ष संपेपर्यंत साडेचारशे माणसे मेली, त्यांत दीडशे मुले. त्यांच्याबरोबर मिनोर्काहून आलेले धर्मगुरू फादर पेद्रो काम्प्स ह्यांनी पहिल्यापासून चर्चची नोंदवही राखली. बाप्तिस्मा, विवाह, दफन ह्यांच्या त्या नोंदींमुळेच ह्या माणसांची नावे उरली. मळ्याच्या कागदांत ती मजुरांची संख्या होती. फादरांच्या वहीत अमक्याची मुलगी, तमक्याची बायको, अमुक गावची अशी ओळख होती. ती वही ‘मिनोर्कावासीयांचे सोनेरी पुस्तक’ ह्या नावाने आजही जपून ठेवलेली आहे.

नऊ वर्षे हे सोसल्यावर, १७७७ साली, मळ्यावरील उरलेले सुमारे सहाशेजण सुमारे ७० मैल दूर असलेल्या सेंट ऑगस्टीन शहरी पायी गेले. गव्हर्नर पॅट्रिक टोनिन ह्यांनी त्यांस करारातून मोकळे केले आणि राहावयास जागा दिली. फादर काम्प्स मागे राहिलेल्या आजाऱ्यांची व्यवस्था लावून त्याच वर्षी नोव्हेंबरात येऊन मिळाले. तेथे त्या लोकांनी होड्या बांधल्या, जाळी विणली, परसात भाजी लावली. त्यांचे वंशज आजही त्या शहरात आहेत. कॅथीड्रलच्या अंगणात फादर काम्प्स ह्यांचा पुतळा उभा आहे, आणि त्यांच्या भोवती मिनोर्कातून आलेली माणसे कोरलेली आहेत.

त्यांच्या घरांत जे शिजते ते खरे फ्लोरिडातील भूमध्य भोजन. आपल्या तिसऱ्यांच्या जातीचे शिंपले टोमॅटोच्या रसात शिजवून केलेले कालवण हा त्यांचा प्रसिद्ध पदार्थ. त्यात ‘दातिल’ नावाची तेथलीच एक जहाल मिरची पडते. भातात कोळंबी वा कोंबडी घालून केलेला पुलावही ते रांधतात आणि त्यास पुलावाच्याच नावाने, थोड्या वाकड्या उच्चाराने, ओळखतात. जैतून तेथे रुजले नाही. म्हणून तेलाच्या जागी चरबी आली, आणि मिनोर्कातील आज्यांनी जे कधी पाहिले नव्हते ते त्यांच्या नातींच्या हाती वळणी पडले. मूळच्या चवीपासून हे पदार्थ पुष्कळ दूर गेले आहेत. पण कोणाच्याही आज्ञेने गेलेले नाहीत, हाताशी जे आले त्यातून गेले. आपल्या गोव्यात लसूण, द्राक्षारस व मांसाच्या पोर्तुगीज पदार्थात माडाचा शिरका आणि लाल मिरच्या शिरल्या आणि त्याचा विंदालू झाला, तोही असाच.

ह्या सर्वांत एक पदार्थ मात्र फारसा बदलला नाही. मिनोर्कात पुनरुत्थानाच्या सणास चीज भरून लहान करंज्यांसारखे खाजे भाजतात, आणि सेंट ऑगस्टीनमधील त्यांचे वंशज त्यास ‘फ्रोमाहार्दी’ म्हणतात. वरच्या पारीला सुरीने क्रुसाची खूण कापतात, म्हणजे भट्टीत चीज फुगून त्या फटीतून डोकावते. पूर्वी सणाच्या आदल्या रात्री तरुणांचे जथे सारंगी नि गिटार घेऊन दारोदार पवित्र मरियेचे गाणे म्हणत हिंडत. अमेरिकन कवी विल्यम कलन ब्रायंट १८४३ साली तेथे गेले असता त्यांनी हे गाणे ऐकून त्याचे शब्द टिपून ठेवले. गाणे संपत आले की खिडकीचे दार किलकिले होई आणि आतून कोणीतरी फ्रोमाहार्दी, केक वा अंडी गायकांच्या पिशवीत टाकी. मग ते शेवटच्या ओळीत घरधन्यास सौजन्याचा पुतळा ठरवून पुढच्या घरी जात. खिडकी उघडलीच नाही, तर त्याच ओळीत एक ‘नाही’ घालून ती पुन्हा मोठ्याने म्हणत, आणि सगळी आळी ऐके.